तेल घातलेलं दार

सोमवार, ४ तारीख

ताईकडे राहायला आल्यापासून आज पहिल्यांदा वही उघडली. कारखान्यात पाळी संपताना कुठलं यंत्र काय म्हणतंय ते लिहून ठेवायची सवय होती. निवृत्त झालो तरी हात लिहायला मागतात. आता यंत्रं नाहीत, तर घराबद्दल लिहीन.

हे घर माझ्या थोरल्या बहिणीचं. आई लवकर गेली, ताईनंच मला वाढवलं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा मलाही हाताला धरून घेऊन आली, आणि मेव्हण्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आता मेव्हणे नाहीत. त्यांची मुलगी, माझी भाची चिमी, दुसऱ्या गावात नोकरी करते. आणि माझ्याकडे ही, माझी बायको, गेली. गेल्या थंडीत. त्यानंतर आमचं घर इतकं गप्प झालं की चमचा खाली ठेवला तरी मी दचकायचो. शेवटी ताई फोनवर म्हणाली, "ये इकडे. दोन ताटं वाढायची सवय मोडली आहे माझी, ती पुन्हा लागू दे."

ताईच्या घराची मात्र पार रया गेली आहे. पुढच्या दाराची बिजागरी अशी किंचाळते की शेजारच्या शिंपीणबाईंना आमच्याकडे कोण आलं-गेलं ते घरबसल्या समजतं. न्हाणीघरातला नळ ठिबकतो. स्वयंपाकघराच्या तोंडाशी एक लादी सुटली आहे, पाय पडला की खटक् वाजते. मधल्या बोळात मेव्हण्यांनी ठोकलेले वेडेवाकडे खिळे आहेत, त्यांवर पिशव्या, छत्री, त्यांचा जुना कोट, सगळं लोंबतंय. आमचे फोरमन म्हणायचे, "निरोगी यंत्र बोलत नाही. बोलायला लागलं की समजा दुखणं आहे." मी जन्मभर यंत्रं गप्प करत आलो. त्या न्यायानं हे घर अंथरुणाला खिळलेलं आहे.

ताईनं माझ्यासाठी जे केलं ते फिटणारं नाही. पण हात अजून चालतात. घर नीट करून द्यायचं, असं ठरवलं आहे.

मंगळवार, ५ तारीख

ताईची प्रार्थना ऐकली. दिवेलागणीला ती खाटेच्या कडेवर बसते, हात मांडीवर ठेवते आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी मोठ्यानं बोलते. पोथी नाही, मंत्र नाही. "दार बोललं, उपकार. नळ ठिबकला, उपकार. खिळे जागच्या जागी होते, उपकार. लादी वाजली, उपकार." बाहेरच्या खोलीत बसून मला हसू आलं. ही देवाचे आभार मानते आहे की घराचं गाऱ्हाणं घालते आहे?

माझा स्वतःचा देवाशी अबोला आहे. भांडण नाही. पण बायकोच्या शेवटच्या दिवसांत इतकं विनवून झालं आणि तिकडून हूं की चूं आलं नाही, तेव्हापासून मीही तोंड उघडलेलं नाही.

जेवताना ताईला म्हटलं, आधी दार घेतो. ती म्हणाली, "राहू दे की रे. म्हातारं झालंय ते, कुरकुरायचंच."

"म्हातारं झालं म्हणून कोणी दुखणं अंगावर काढतं का?"

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," ताई हसून म्हणाली. मग, "तुला करावंसं वाटतंय ना मनापासून? मग कर."

गुरुवार, ७ तारीख

दार झालं. जुन्या बिजागऱ्या काढून नव्या बसवल्या, खालची कड रंध्यानं तासली, भरपूर तेल दिलं. एका बोटानं ढकललं तरी उघडतं आणि आवाज म्हणून नाही. जुन्या बिजागऱ्या डब्यात टाकून ठेवल्या. लोखंड फेकवत नाही माझ्याच्यानं.

ताईनं चौकटीवरून हात फिरवला. "तुझ्या हाताला यश आहे, बाळ." या वयातही मी तिचा बाळच. मग म्हणाली, "कुठलं गाणं होतं रे ते?"

"कुठलं गाणं?"

"काही नाही."

संध्याकाळच्या प्रार्थनेत दाराचं नाव नव्हतं. त्याऐवजी, "भावाच्या हातात हत्यार आलं, उपकार. शीळ आली, उपकार." कसली शीळ कोण जाणे. शिंपीणबाईंचा रेडिओ असेल.

रविवार, १० तारीख

नळाचा वायसर बदलला. टिपटिप बंद. न्हाणीघरात आता टाचणी पडली तर ऐकू येईल.

दुपारी ताई टॉवेल घेऊन बोळात नुसतीच उभी होती. विचारलं तर म्हणाली, "विचार करत होते, आंघोळ आधी करावी की कपडे भिजवावेत." नंतर मी बाहेरून आलो आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर तिच्या हातून भांडंच सुटलं. "खाकरत जा रे जरा! चोरासारखा काय येतोस!" जरा लागलं मला. दार इतकं छान केल्याचं हे बक्षीस.

शिंपीणबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "तुमच्याकडचं काही कळेनासंच झालंय हो हल्ली." मग आवाज उतरवून, "ताईंना विचारून करताय ना सगळं?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? त्या काहीतरी बोलणार होत्या, पण गिऱ्हाईक आलं.

मंगळवार, १२ तारीख

बोळातले खिळे उपटले. भोकं पुट्टी भरून बुजवली, रंगाचा एक हात दिला. पिशव्या आणि छत्री कपाटात, मेव्हण्यांचा कोट पेटीत. बोळ केवढा मोठा वाटायला लागला!

रंग वाळल्यावर ताईनं भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश तळवा फिरवला.

"गुळगुळीत झालीय," ती म्हणाली.

"आणि रंग?"

"छान. पांढरा चांगलाच दिसतो."

रंग फिकट निळा आहे. पण कलत्या उजेडात पांढराच भासत असेल, म्हणून मी काही बोललो नाही. पुढचा मुक्काम आता लादी.

शनिवार, १६ तारीख

लादी पक्की बसवली. खालची माती खरवडून काढली, सिमेंट घातलं, पाणसळ लावून पाहिली. शेजारच्या लादीशी अशी मिळून गेली आहे की कुठली सुटली होती ते मलाही सांगता येणार नाही.

एकेकाळी पाळी बदलताना सगळी यंत्रं थांबायची आणि दोन मिनिटं कारखान्यात शांतता पसरायची. मला ती देवळातल्यासारखी वाटायची. आज या घरात ती शांतता आहे. माझं काम संपत आलं.

ताईची प्रार्थना मात्र दिवसेंदिवस आखूड होत चालली आहे. आज फक्त माझे हात आणि ती कुठलीशी शीळ. म्हातारपणी भक्तीही थकत असावी.

सोमवार, १८ तारीख

मनात भीती बसली आहे, ती लिहूनच टाकतो.

सकाळी मी ताईपुढे कप ठेवला, तर तिनं चहा कपाच्या शेजारी ओतला. दुपारी स्वयंपाकघरात जायला निघाली ती पुढे अडगळीच्या खोलीत शिरली आणि तिथेच उभी राहिली. मी बाहेर आणलं तर म्हणते, "डबा शोधत होते." संध्याकाळी कपाटाच्या उघड्या दारावर कपाळ आपटलं. टेंगूळ आलं आहे.

बायकोचंही असंच सुरू झालं होतं. आधी चहा सांडला, मग वार विसरली, मग वाट, आणि शेवटी मला. "तुम्ही फार चांगले आहात, पण घरी कोणी वाट बघत नाही का तुमची?" असं विचारायची मला. पुन्हा हे बघायची ताकद माझ्यात नाही.

चिमीला फोन केला. ताई भ्रमिष्टासारखी वागते आहे, एवढंच सांगितलं. ती रडवेली झाली. "मामा, मी रविवारी येते आणि आईला घेऊनच जाते. तिला एकटं सोडायलाच नको होतं मी. तिची बॅग भरून ठेव. तोवर डोळ्यांत तेल घालून लक्ष दे." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मंगळवार, १९ तारीख

ताईला सांगितलं. ती मटार सोलत होती. बोटं थांबली.

"तू फोन केलास तिला?"

"तुझ्या भल्यासाठी केला, ताई."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा सोलायला लागली.

माझी तयारी भांडणाची होती. मेव्हणे गेले तेव्हा सगळी भावकी एकीकडे आणि ही एकटी एकीकडे. "हे घर सोडून मी कुठेही जाणार नाही" असं ठणकावून सांगितलेली बाई ही. आज नुसतं "बरं". मनाची तयारी झाली असावी तिची.

प्रार्थनेत आज एकच वाक्य होतं. "घर होतं, उपकार."

गुरुवार, २१ तारीख

आज लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

ताईच्या बॅगेची कडी तुटली होती, ती आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. भर दुपारी परतलो. दाराबाहेर चपला काढल्या, दार ढकललं. अर्थातच आवाज झाला नाही. बोळापर्यंत आत गेलो.

ताई बोळाच्या मध्यावर उभी होती. दोन्ही तळवे भिंतीला लावलेले. एक पाऊल पुढे टाकून जमीन चाचपत होती, आणि तेच पाऊल पुन्हा मागे घेत होती. उघड्या दारातून लख्ख ऊन आत येत होतं. तिनं मान माझ्याकडे वळवली. हात लांब केला असता तर तिला लागला असता, इतका मी जवळ होतो. मी सवयीनं हसलो.

ताईनं माझ्या तोंडाकडे बघत हाक मारली, "बाळ, आहेस का रे घरात?"

मी मान डोलावली. तिनं पुन्हा भिंत चाचपली. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "देवा, माझं स्वयंपाकघर कुठं गेलं रे?"

मग मला एकेक कळत गेलं. दार बोललं म्हणजे कोण आलं ते समजलं. नळ ठिबकला म्हणजे न्हाणीघर सापडलं. कोटाला हात लागला म्हणजे वळायचं. लादी वाजली म्हणजे पोचलो. ती रोज संध्याकाळी घराच्या खुणा मोजत होती, आणि मी दिवसा एकेक पुसत होतो.

"ताई, मी इथंच आहे," मी म्हटलं. ती दचकली. मग आम्ही दोघंही तिथेच जमिनीवर बसलो.

मेव्हणे गेल्यापासून तिची नजर हळूहळू उतरत गेली. आता उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. शिंपीणबाईंना घेऊन ती एकदा डॉक्टरकडे गेली होती. फार उशीर झाला, असं ते म्हणाले. शिंपीणबाईंना तिनं शपथ घातली होती.

"चिमीला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी उचलून नेलं असतं तिनं. तिच्या घरात मी आंधळी, बाळ. इथं नव्हते."

"मग मला तरी! मी दार गप्प केलं, नळ गप्प केला, अख्खी भिंत पुसून टाकली, आणि तू 'छान, छान' म्हणत राहिलीस! एकदा तरी ओरडायचंस माझ्यावर!"

"तू शीळ घालत होतास."

"मी?"

"इथं आलास तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसायचास. जेवायला वाढलं तर जेवायचास, नाही वाढलं तर नाही. मग दाराचं काम काढलंस, आणि रंधा मारता मारता शीळ घातलीस. लहानपणी घालायचास तशीच, अर्धी बेसूर. लादी बसवताना तर सबंध दुपारभर चाललं होतं." तिनं चाचपत माझा हात धरला. "एका दाराचं काय एवढं? म्हटलं, मी शिकेन पुन्हा. वेळ लागला जरा, तेवढ्यात तू घाबरलास."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. बायको गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो.

शनिवार, २३ तारीख

जन्मात पहिल्यांदा चांगल्या गोष्टी बिघडवायला बसलो. बिघडवणं दुरुस्तीपेक्षा अवघड असतं, हे या वयात कळलं.

जुन्या बिजागऱ्या डब्यातून काढल्या, सोड्याच्या गरम पाण्यात उकळून तेलाचा अंश घालवला आणि बसवल्या. दार पहिल्यासारखं ओरडलं. शिंपीणबाई मशीन सोडून बाहेर आल्या आणि पदरानं डोळे पुसत परत गेल्या. नळाला जुना वायसर लावला, खाली बादली ठेवली. ते पाणी शिंपीणबाईंच्या झाडांना जाईल.

खिळे ताईच्या हाताच्या उंचीवर ठोकले. तिनं उभं राहून जागा सांगितल्या. छत्री न्हाणीघराच्या आधी, मेव्हण्यांचा कोट वळणावर. कोट टांगल्यावर तिनं त्याची बाही जराशी धरून ठेवली.

लादीनं मात्र घाम काढला. छिन्नीनं सोडवली तर नुसती डुगडुगायची, वाजायची नाही. खाली दगडाची कपची घातली, तर वाजली. ताई खुर्चीवर बसून परीक्षा घेत होती.

"ही नव्हे. ही फारच चिरकी."

कपची बदलली, थोडी वाळू घातली.

"आता घोगरी झाली. सर्दी झाल्यासारखी."

कागदाची घडी सारली, काढली, अर्धी सारली. मी पाय ठेवला. खटक्.

ताई ताठ बसली. "हीच. ये गं बाई माझी." आणि दोघंही हसलो.

काम करताना आज शीळ घालतोय का, याकडे मुद्दाम लक्ष ठेवलं. लक्ष ठेवलं की येत नाही.

चिमी उद्या येणार. बॅग भरून तयार आहे. मी ताईला स्पष्ट सांगितलं, तिच्याशी मी खोटं बोलणार नाही. ताई म्हणाली, "तुला बोलावंच लागणार नाही. मीच सांगेन." काय होईल ते मला माहीत नाही. चिमीही चूक नाही. चुलीपाशी आंधळी आई असलेल्या कुठल्या मुलीला झोप लागेल?

रविवार, २४ तारीख

सकाळी दार किंचाळलं. ताईनं स्वयंपाकघरातून हाक दिली, "चिमे, लंगडतेस का गं?"

"नवी चप्पल लागलीय," चिमी म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून हळूच, "मामा, हिला तर सगळं कळतंय."

ताई बोळातून आली. बोटं छत्रीवर, पिशवीवर, कोटावर. बसली आणि म्हणाली, "चिमे, माझं डोकं ठिकाणावर आहे. डोळे गेले आहेत." मग सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही.

चिमी आधी रडली, मग चिडली. आईवर, मग माझ्यावर. "तू इथं राहत होतास ना, मामा? एका घरात राहून तुला दिसलं नाही?"

"दिव्याखाली अंधार," मी म्हटलं.

"ते काही नाही. आई, तू माझ्याबरोबर येतेस. उद्या पडलीस, भाजलीस, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

ताईनं वाद घातला नाही. म्हणाली, "येईन. तू म्हणशील तर आत्ता निघते. पण आधी एक कर. डोळे मीट आणि मला पाणी आणून दे."

चिमीला राग आला, तरी तिनं डोळे मिटले. मीही जागचा हललो नाही. ती बोळात शिरली. छत्रीला हात लागला, पिशवीला लागला. कोटापाशी थांबली. तिच्या बाबांचा तो. तिथून वळली, सावकाश चालत गेली, आणि लादी खटक् वाजली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. ताई मान कलती करून ऐकत बसली होती.

चिमी पाण्याचा पेला घेऊन परत आली तेव्हा डोळे उघडे होते आणि गाल ओले. "आई," ती म्हणाली, "लादी वाजली तेव्हा मला वाटलं, तू बोललीस."

ती दिवसभर राहिली. अटी घालून गेली. पुढच्या महिन्यात तिच्याकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं, उपयोग असो वा नसो. चूल पेटलेली असताना मी घरात हवा. रोज फोन. आणि मी घरात पाय ठेवला की आवाज द्यायचा. "नाहीतर मामाच्या गळ्यात घंटा बांधेन," असं म्हणाली. ते काम मांजराच्या गळ्यात बांधण्यापेक्षा सोपं आहे.

चिमी निघाली तेव्हा ताईनं बॅग रिकामी करून तिच्या हातात दिली. "घेऊन जा. कडी नवी आहे. मला लागायची नाही."

सोमवार, २५ तारीख

आज दिवेलागणीला बाहेरच्या खोलीत बसलो नाही. ताईच्या शेजारी खाटेवर जाऊन बसलो. तिनं जरा सरकून जागा दिली.

"दार बोललं, उपकार. नळ ठिबकला, उपकार. छत्री होती, पिशव्या होत्या, ह्यांचा कोट होता, उपकार. लादी वाजली, उपकार. चिमी आली, रागावली, उपकार. भाऊ घरात आला की खाकरतो, उपकार." यादी बरीच लांबली. मग ती थांबली. मला वाटलं संपलं.

"तुझं?" ताई म्हणाली.

"माझं काय? मी काही मागत नाही त्याच्याजवळ."

"मागायचं कुठं असतं, वेड्या? जे होतं, ते सांगायचं."

आत नळ ठिबकत होता. काय काय होतं ते आठवायला गेलो आणि एकच आठवलं. शेवटी शेवटी ही मला ओळखत नव्हती, तरी झोपताना माझं मनगट घट्ट धरून ठेवायची.

"ही होती," मी म्हटलं. पुढचा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

ताईनं वाट पाहिली. मग माझ्याकरता तो तिनंच म्हटला.

"उपकार."

बऱ्याच वेळानं उठलो आणि जाऊन दार लावलं. शिंपीणबाईंना ऐकू गेलं असेल.